परत बोलावण्याची अट

२ जून

प्रारंभीच नोंदवून ठेवतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चोपन्न, पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागाचा प्रमुख. पुरवठादाराच्या करारातले बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी सही करत नाही, म्हणून कारखान्यात माझ्यामागे मला 'पोटकलम' म्हणतात. हे मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही. या दैनंदिनीपुरते तेच नाव स्वीकारतो. आमच्याच मालकांचा दुसरा एक छोटा कारखाना दूरच्या गावी आहे. तिथे पंपांची रबरी सीले तयार होतात. उद्यापासून सहा महिन्यांसाठी तिथे माझी प्रतिनियुक्ती झाली आहे. तिथली खरेदी आणि भांडार रुळावर आणून परतायचे, आणि परतल्यावर अहवाल द्यायचा. त्या अहवालास आधार म्हणून हे लेखन. खाजगी मजकूर शक्यतो टाळीन.

आज निरोपाचा चहा झाला. सहा महिन्यांच्या मानाने भाषणे अंमळ जास्त भावपूर्ण वाटली. लेखा विभागातील बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. भेट म्हणून भिंतीवरचे मोठे घड्याळ मिळाले. ते सोबत न्यावे की घरी ठेवावे, असा प्रश्न पडला, घरी ठेवले. पत्नीने ते खोक्यातून बाहेर काढले, पाहिले आणि पुन्हा खोक्यात घातले.

मोठ्या साहेबांना विचारले, "सहा महिन्यांचे कुठे काही लेखी असावे का?" ते हसले. "अहो, आपल्या आपल्यात काय लेखी? तुमची जागा तुमचीच आहे. खुर्ची काय पळून जाते?" इतक्या वर्षांच्या संबंधात पुन्हा विचारणे मलाच अप्रशस्त वाटले.

६ जून

कारखान्याच्या कार्यालयावरच पाहुण्यांसाठी एक खोली आहे, तीत उतरलो आहे. लोखंडी खाट, इस्त्रीचे टेबल, खिडकीखाली मालाचे ट्रक उभे राहतात ते आवार. रबराचा वास पहिल्या दिवशी असह्य, दुसऱ्या दिवशी सह्य. आज तो आहे की नाही हे मुद्दाम हुंगून पाहावे लागले.

इथल्या व्यवस्थापिका वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मीही म्हणतो. भांडाराचा कारभार एका गृहस्थांकडे, त्यांना सारा कारखाना मामा म्हणतो. मामा म्हणाले, "साहेब, पाहुणा तिसऱ्या दिवशी राहिला तर त्याची अक्कल जाते म्हणतात. तुमचा आज चौथा." मी म्हणालो, मी पाहुणा नाही, प्रतिनियुक्त आहे. ते म्हणाले, "म्हणजे उसना." शब्द मला आवडला नाही, पण चूक काढता आली नाही.

११ जून

संध्याकाळ इथे फार लांबते. दाराची कडी, नळ, पंख्याचे बटण हे सारे तपासून झाले की पुन्हा तेच तपासतो. कन्येचा (घरात ठकू) फोन आला. तिने माझ्या संगणकावर एक खेळ दुरून बसवून दिला आहे. फुटबॉलच्या क्लबचा व्यवस्थापक व्हायचे. चेंडूला पाय लावायचा नाही. कोणाला खेळवायचे, कोणाला बसवायचे, कोणाला घ्यायचे, कोणाला सोडायचे, एवढेच करायचे. तिचा क्लब पिवळ्या पोशाखाचा, माझा निळ्या. दोघांचे सामने एकाच साखळीत चालतात. आठवड्यातून एका संध्याकाळी दोन-तीन सामने पुढे सरकतात.

"मला फुटबॉलमधले काही कळत नाही," मी म्हणालो.

"बाबा, तुम्हाला माणसं कळतात ना? खरेदी कळते ना? मग झालं."

माणसांबद्दल मी साशंक आहे. खरेदी कळते.

२४ जून

या खेळातील एका पद्धतीने मला आज दोन तास खिळवून ठेवले. तिला तिथे 'लोन' म्हणतात. मामांच्या भाषेत उसनवारी. खेळाडू ज्याचा, तो मूळ क्लब. त्याने तो दुसऱ्या क्लबाला ठरावीक मुदतीसाठी द्यायचा. हक्क मूळ क्लबाकडेच. खेळ मात्र दुसऱ्याकडे. पगार कोणी किती सोसायचा ते आधी ठरवायचे. घेणाऱ्याने 'याला नियमित खेळवीन' असे वचन द्यायचे. न पाळल्यास खेळाडू नाराज होतो आणि पुढच्या वेळी त्या क्लबाला कोणी उसना देत नाही. उसना खेळाडू मूळ क्लबाविरुद्ध उतरू शकत नाही, जर मूळ क्लबाने तशी परवानगी दिली नसेल. मुदतीअखेर त्याला कायमचा विकत घेण्याचा पर्याय आधीच लिहून ठेवता येतो. आणि शेवटची, माझ्या मते सर्वांत मोलाची अट: मुदत संपण्यापूर्वी त्याला परत बोलावण्याचा हक्क. समोर चौकट असते. खूण केली तर हक्क, नाही केली तर हात बांधलेले.

इतका नेटका करार मी प्रत्यक्ष धंद्यात क्वचित पाहिला आहे.

ठकूने सांगितले की बहुतेक क्लब कोवळी पोरे उसनी देतात. आपल्याकडे बसून गंजण्यापेक्षा दुसरीकडे खेळून तयार होतात.

"आणि वयस्क माणसाला उसना कोणी का देईल?" मी विचारले.

"पगाराचा भार हलका करायला. नाहीतर... जागा करायला."

३ जुलै

भांडारात महत्त्वाचा दोष सापडला. कच्च्या रबराच्या पट्ट्यांना आयुष्य असते; ठरावीक काळाने त्या कडक होतात. इथे नवा माल दारापाशी ठेवतात आणि दारापासूनच उचलतात. जुना मागे पडून निकामी होतो. मी मांडण्या फिरवल्या. आता नवा माल मागच्या दाराने आत जातो आणि जुना पुढच्या दाराने आधी बाहेर पडतो. मामा मांडणीकडे पाहत म्हणाले, "जुनं पुढे, नवं मागे. साहेब, असं सगळीकडे झालं असतं तर!" मी म्हणालो, सगळीकडे रबर नसते.

१० जुलै

निळ्या क्लबात एक नाजूक प्रश्न उभा आहे. माझा गोलरक्षक पस्तिशीचा. बारा हंगाम याच क्लबात. दुसऱ्या कुठल्याच क्लबाचा पोशाख त्याने घातलेला नाही. पण राखीव संघातला एक तरुण कानामागून आला आणि तिखट झाला. आकडे त्याच्या बाजूने आहेत. म्हाताऱ्याच्या नावापुढे खेळ आता 'अस्वस्थ' असे दाखवतो.

ठकूने बोली लावली. "द्या मला. हंगामभर उसना. माझा गोलवाला अगदी चाळणी आहे."

"नियमित खेळवशील?"

"प्रत्येक सामना."

"पगार?"

"अर्धा तुम्ही, अर्धा मी."

"दोन तृतीयांश तू."

"बाबा! तुम्ही क्लब चालवताय की भाजीबाजारात उभे आहात?"

"भाजीबाजारात मी अधिक ताणतो, हे तुझ्या आईला विचार."

ठरले. कायम विकत घेण्याचा पर्याय नाही, हे मी स्पष्ट लिहिले. माझ्या क्लबाविरुद्ध खेळण्याची परवानगी मात्र दिली. ती म्हणाली, नाहीतर तिच्याकडे दुसरे कोणी नाही. उरली परत बोलावण्याची चौकट. ती मी रिकामी सोडली. नजरचुकीने नव्हे, विचार करून. पोटच्या मुलीशी व्यवहार करताना अशी अट घालणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे होय.

खेळात जाणाऱ्या खेळाडूशी बोलायचीही सोय आहे. चार वाक्यांतून एक निवडायचे. मी निवडले: 'तुझी जागा तुझीच राहील.'

"खरंच राहील का?" ठकूने विचारले.

"असे म्हणायची पद्धत असते," मी म्हणालो.

तिने करार मंजूर केला.

२२ जुलै

मुख्य कारखान्यातील खरेदीच्या प्रणालीत शिरण्यासाठी माझा सांकेतिक शब्द चालेना. संगणक विभागाला विचारले. "सर, तुमचं खातं सध्या बंद ठेवलंय. सुरक्षेसाठी." सुरक्षेच्या बाबतीत ते इतके दक्ष झाले हे चांगलेच.

३० जुलै

एका जुन्या पुरवठादाराचा फोन. "साहेब, तुम्ही गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं." मी म्हणालो, मी जिवंत आहे. तो गोंधळून हसला. म्हणाला, "तसं नव्हे हो. तुमच्या जागी आलेले नवे साहेब म्हणाले, आता सगळं त्यांच्याशीच बोलायचं." मी त्याला समजावले की ही तात्पुरती व्यवस्था आहे. माझ्या अनुपस्थितीत कोणीतरी बघायला हवेच. हे मी त्याला दोनदा समजावले. फोन ठेवल्यावर एकदा स्वतःलाही.

रक्तदाब मोजून घेतला, ठीक आहे. मोजणारे यंत्र जुने आहे.

१४ ऑगस्ट

निळ्यांवर संकट. तरुण गोलरक्षकाचा खांदा निखळला. पुढचे चार महिने बाहेर. राखीव जो आहे त्याला चेंडू म्हणजे गरम निखारा वाटतो. दोन सामन्यांत सात गोल खाल्ले. नवे खेळाडू घेण्याची मुदत संपलेली. संध्याकाळी ठकूला फोन केला.

"माझा गोलरक्षक परत पाठव."

"नाही पाठवता येत."

"मला गरज आहे."

"मलाही आहे. तो इथे छान खेळतोय बाबा, नावापुढे 'समाधानी' दाखवतंय. आणि तुम्ही परत बोलवायची अट टाकली नाहीत."

"आपल्या आपल्यात कसली अट?"

मग ती हळू आवाजात म्हणाली, "साहेबांनीही असंच म्हटलं होतं ना तुम्हाला?"

मी फोन ठेवला. मुलीचा फोन मधेच ठेवण्याची ही माझी पहिली वेळ.

१५ ऑगस्ट

काही लिहावेसे वाटत नाही.

१९ ऑगस्ट

चार दिवस घालवून, उसने अवसान आणून, मोठ्या साहेबांना फोन लावला. संभाषण शक्य तितके शब्दशः नोंदवतो.

"अरे वा! कसे आहात? मॅडम तुमचं फार कौतुक करत होत्या. रमलात म्हणे."

"साहेब, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी परततो आहे. माझी खुर्ची..."

"अहो, खुर्चीचं काय घेऊन बसलात! माणूस मोठा असतो, खुर्ची नव्हे."

"नवे गृहस्थ त्यानंतर कुठे जातील?"

"ते... ते जरा रुळलेत हो आता. तुम्ही या ना, सल्लागार म्हणून या. तुमच्या अनुभवाचा फायदा होईल."

"सल्लागार कुठे बसेल?"

"बसायचं काय, बघू की. घाई कसली? तिथे तुम्ही शोभताय. वाटलं तर तिथेच कायमचं करून टाकू."

त्यांना कोणीतरी आत बोलावले, किंवा बोलावल्यासारखे केले.

करारातले बारीक अक्षर वाचण्यात माझी उमर गेली. ज्या करारात अक्षरच नव्हते, तो मात्र वाचायचा राहिला.

२५ ऑगस्ट

पत्नी सुट्टीच्या दिवशी आली. ती शाळेत चित्रकला शिकवते. नोकरी सोडून इथे येऊन राहणे तिला शक्य नाही, आणि मी ते कधी सुचवणारही नाही. खोलीभर फिरून तिने कोपऱ्यातली धूळ बोटावर घेतली आणि मला दाखवली. मी तिला सारे सांगितले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"घड्याळ बघितलं तेव्हापासून. अहो, सहा महिन्यांसाठी जाणाऱ्याला कोणी घड्याळ देतं का? मी ते भिंतीवर लावलंच नाही. ठकूला म्हटलं, यांना सांगायचं कसं? ती म्हणाली, मी बघते."

म्हणजे दोघींना माहीत होते. मला वाटत होते, मुलगी मला फुटबॉल शिकवते आहे.

मी खिडकीशी उभा राहिलो. खाली एक ट्रक मागे येत होता आणि मामा हात हलवत "येऊ दे, येऊ दे" ओरडत होते.

"आता काय करणार आहात?" तिने विचारले.

"ना घरचा ना घाटचा झालो आहे. सल्लागार म्हणून तिथे कोपऱ्यात बसायचे, नाहीतर इथे कायम राहायचे. इथे काम आहे. माणसे विचारतात, ऐकतात. पण..."

"पण काय? खेळातली अट, साहेबांची अट, तुमची अट. या सगळ्यांत मी कुठे बसते, तेही लिहा कुठेतरी. की मी आपली राखीव?"

ती हे हसत म्हणाली. पण घरून आणलेला डबा बंद करताना तिने झाकण दोनदा उलटे लावले.

८ सप्टेंबर

निळे विरुद्ध पिवळे. ठकू म्हणाली, "तुम्हाला त्रास होणार असेल तर मी त्याला बाकावर बसवते."

"वचन दिलेस ना, प्रत्येक सामना? खेळव."

शेवटच्या काही मिनिटांत आम्हाला पेनल्टी मिळाली. माझ्या सर्वांत भरवशाच्या माणसाने मारली. म्हाताऱ्याने डावीकडे झेप घेऊन अडवली. पडद्यावर तो एक ठिपक्याएवढा माणूस. उठला आणि चेंडू पुढे फेकला. आम्ही हरलो. मला राग आला नाही. उलट मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, आणि कशासाठी ते मला सांगता येत नाही.

२ ऑक्टोबर

मॅडमनी बोलावून विचारले. मुख्य कारखान्याने कळवले आहे की मला इथे कायम करायचे असेल तर त्यांची हरकत नाही. 'हरकत नाही' हा शब्दप्रयोग मी पुरवठादाराची नको असलेली नमुन्याची पेटी परत करताना वापरत असे.

"सर, मला तुम्ही हवे आहात," मॅडम म्हणाल्या. "मनापासून. पण तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा. मी वाईट वाटून घेणार नाही."

मी आठवडा मागितला. चहाचा कप बशीत वाजत होता, म्हणून बशी वापरणे सोडले.

९ ऑक्टोबर

माझ्या अटी मॅडमपुढे ठेवल्या. काम सोमवार ते गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी मी घरी जाणार, सोमवारी सकाळी परत. पगार त्या प्रमाणात कमी. सल्लागार नव्हे, खरेदीप्रमुख. आणि शेवटचे पोटकलम: एका महिन्याची सूचना देऊन मला परत बोलावता येईल.

त्यांनी ते शेवटचे दोनदा वाचले. "परत बोलावता येईल म्हणजे? मुख्य कारखान्याला?"

"नाही. मला. मी मला परत बोलावू शकेन. कारण न देता."

त्या हसू लागल्या. "असं कलम मी आयुष्यात पाहिलं नाही. याला राजीनामा म्हणतात, सर."

"राजीनाम्यात मनुष्य जातो, मॅडम. इथे तो परत येतो. लिहिलेले असू द्या."

त्यांनी सही केली. जिन्याखाली मामा उभे होते. भिंतींना इथे कान नाहीत, पण मामांना आहेत. "काय साहेब, मग आता उसने नाही ना?"

"अर्धा," मी म्हणालो.

२९ नोव्हेंबर

खेळातला हंगाम आज संपला. मुदत संपल्याने गोलरक्षक आपोआप निळ्यांकडे परतला. खेळात हे आपोआप घडते. तरुण बरा होऊन उभा आहे. म्हाताऱ्याने येताच निवेदन दिले: त्याला पिवळ्यांकडे कायम जायचे आहे. पुन्हा चार वाक्ये समोर आली. 'तुझी जागा तुझीच राहील' हे त्यांत होतेच.

ते मी निवडले नाही. निवडले: 'इथे तुझ्यासाठी नियमित जागा नाही. जायचे असेल तर मी अडवणार नाही.' त्याच्या नावापुढे आधी 'दुखावला' आले. मग थोड्या वेळाने 'समाधानी'.

ठकूला फोन केला. "घे. कायमचा. पैसे नकोत."

"बाबा, फुकट? तुम्ही?" मग जरा थांबून, "एखादी अट घालायचीय का?"

"एकच. ज्या दिवशी त्याला खेळवणार नाहीस, त्या दिवशी ते त्याला तूच सांग. घड्याळ देऊ नकोस."

ती हसली असावी. किंवा रडली, फोनवर दोन्हींचा आवाज सारखाच येतो. मग म्हणाली, "आई विचारतेय, गुरुवारी किती वाजता पोचताय? आणि ते घड्याळ आता लावू का?"

"लाव," मी म्हणालो. "पण आधी वेळ बरोबर करून घे."

अहवाल कोणी मागितलेला नाही. तरी या नोंदी इथे पूर्ण करतो.

(सही) पोटकलम
रबरी सीलांचा कारखाना, वरची खोली. सोमवार ते गुरुवार
३० नोव्हेंबर